शरमेचे ५८०० पौंड: इंग्लंडात बेनिफिटवर कसं राहावं

२०२० च्या ऑगस्टमध्ये माझी नोकरी गेली. हीथ्रोजवळच्या एका मोठ्या स्वयंपाकघरात विमानातल्या जेवणाचे ट्रे भरायचं काम मी एकोणीस वर्षं केलं. कोविडात विमानंच उडेनाशी झाली, मग आम्हाला कोण ठेवणार? हातात रिडंडन्सीचे, म्हणजे नोकरी गेल्याच्या भरपाईचे, ८४०० पौंड आले. मी ठरवलं, हे पुरवून पुरवून खायचे, पण सरकारपुढं हात पसरायचा नाही. आमच्या मिरजेच्या घरात शेजारून वाटीभर साखर आणायचीही चोरी होती. तेच अंगात भिनलेलं. सात महिन्यांनी पैसे तळाला गेले, कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, घराचं एक भाडं थकलं, तेव्हा मी युनिव्हर्सल क्रेडिटचा अर्ज केला. कमाई नसलेल्या किंवा कमी असलेल्या माणसाला सरकार दर महिन्याला देतं ती ही मदत.

नंतर एका रात्री वहीत मांडून बघितलं. मी ऑगस्टमध्येच अर्ज केला असता तर तेव्हाच्या दरानं महिन्याला ४०९.८९ पौंड मिळाले असते, शिवाय भाड्याचे ४७५. बँकेतल्या शिलकीपायी त्यातून ४३.५० वजा झाले असते. म्हणजे महिन्याला ८४१, आणि सात महिन्यांचे ५८०० च्या वर. हे पैसे मागाहून मिळत नाहीत. आजारपणासारख्या मोजक्या कारणांसाठी फार तर एक महिना मागची तारीख धरतात. लाज वाटत होती, हे त्या कारणांत बसत नाही.

म्हणून ज्यांची नोकरी गेली आहे, किंवा जायच्या बेतात आहे, अशा इथल्या आपल्या माणसांसाठी हे लिहिते आहे. रकमा २०२५-२६ च्या आहेत; दर एप्रिलमध्ये बदलतात, तेव्हा तपासून घ्या.

आधी व्हिसा बघा

तुम्ही वर्क व्हिसावर किंवा डिपेंडंट असाल आणि तुमच्या परवानगीत ‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’ (सरकारी मदत घेता येणार नाही) असं असेल, तर युनिव्हर्सल क्रेडिट मागू नका. आधी इमिग्रेशनच्या जाणकाराला विचारा. नागरिकत्व किंवा कायमची परवानगी असेल तर पुढं वाचा.

अर्ज ऑनलाइन असतो. जमत नसेल तर सिटिझन्स ॲडव्हाइस या सल्ला देणाऱ्या संस्थेची माणसं पहिला अर्ज भरायला फुकट मदत करतात. इंग्रजीची अडचण असेल तर दुभाषा मागा, त्याचे पैसे पडत नाहीत. पहिला हप्ता यायला साधारण पाच आठवडे लागतात. तेवढं निभत नसेल तर ॲडव्हान्स मिळतो, त्यावर व्याज नाही, पण तो कर्जच आहे. पुढच्या चोवीस महिन्यांपर्यंत हप्त्यातून कापला जातो. लागेल तेवढाच घ्या.

दोन गोष्टींसाठी वेगळा अर्ज लागतो आणि लोक तिथंच चुकतात. पहिली, कौन्सिल टॅक्सची, म्हणजे घरपट्टीसारख्या कराची, सवलत. ती युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये येत नाही, कौन्सिलकडं स्वतंत्र मागावी लागते. दुसरी, न्यू स्टाइल जॉबसीकर्स अलाउन्स, म्हणजे काम शोधणाऱ्याचा भत्ता. मागच्या दोन-तीन वर्षांत पगारातून पुरेसा नॅशनल इन्शुरन्स कापला गेला असेल तर हा भत्ता १८२ दिवसांपर्यंत मिळतो, आठवड्याला ९२.०५ पौंड, आणि त्याला तुमची शिल्लक आडवी येत नाही. बँकेत पन्नास हजार असले तरी चालतात. हे मला कुणीही सांगितलं नव्हतं, आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं.

शिल्लक, सोनं आणि गावाकडची जमीन

युनिव्हर्सल क्रेडिटला मात्र शिल्लक बघतात. १६,००० पौंडांच्या वर असेल तर काही मिळत नाही. ६००० पर्यंत काही कापत नाहीत. मधल्या रकमेत दर २५० पौंडांमागे, किंवा त्याच्या तुकड्यामागे, महिन्याला ४.३५ वजा. माझे ८४०० म्हणजे ६००० च्या वर २४००, त्याचे दहा तुकडे, म्हणून ४३.५०. थोडी शिल्लक आहे म्हणून आपण बाद झालो, ही समजूत सोडून द्या.

आता आपल्या लोकांचा खरा प्रश्न. पुण्यात फ्लॅट आहे, सांगलीच्या बँकेत एफडी आहे, वडिलोपार्जित जमिनीच्या सातबाऱ्यावर भावांबरोबर आपलंही नाव आहे. हे सांगायचं का? सांगायचं. परदेशातली मालमत्ताही धरतात. वाटणी न झालेली असेल तर तुमच्या हिश्शाची किंमत काढतात. माझं नाव मिरजेजवळच्या दीड एकरात तीन भावंडांबरोबर होतं. मी सातबारा इंग्रजीत करून घेऊन दिला आणि हिश्शाचा अंदाज लिहिला. “तिकडचं इथं कुणाला कळतंय?” असं सांगणारे पुष्कळ भेटतील. कळलं तर दिलेले सगळे पैसे परत मागतात, दंड होतो, गुन्हाही दाखल होऊ शकतो. शिवाय रात्रीची झोप जाते ती वेगळीच. अंगावरचे वापरातले दागिने मात्र वैयक्तिक वस्तूंत येतात. आईच्या पाटल्या विकाव्या लागतील या भीतीनं मी उगाच रडले होते.

जर्नल रोज उघडा

अर्ज करताना ऑनलाइन खातं उघडतं आणि त्यात जर्नल मिळतं. अपॉइंटमेंट, निरोप, कामं, सगळं तिथंच येतं. कागदी पत्राची वाट बघू नका. पहिल्याच वर्षी मी पाच दिवस जर्नल उघडलं नाही, बदललेली वेळ हुकली, आणि दिवसाला १३ पौंडांच्या आसपास कापले गेले. चूक माझीच होती. तेव्हापासून सकाळचा चहा आधणाला ठेवला की जर्नल उघडायचं, हा नेम आहे. सबळ कारण असेल, म्हणजे दवाखाना, बस बंद, घरात आजारपण, तर त्याच दिवशी जर्नलमध्ये लिहा आणि पुरावा जोडा. निर्णय चुकीचा वाटला तर एका महिन्याच्या आत फेरविचार मागता येतो, तिथंही नाही झालं तर ट्रिब्युनल आहे.

वर्क कोचची, म्हणजे काम शोधण्यावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी माणसाची, भेट बहुतेक दहा मिनिटांची असते. मी वहीचं एक पान लिहून नेते: कुठं अर्ज केला, कधी, काय उत्तर आलं. आठवड्याला ३५ तासांपर्यंत काम शोधायची अट घालू शकतात, पण ती तुमच्या प्रकृतीप्रमाणं ठरवायची असते. म्हणून कमिटमेंट (या अटींचं लेखी कबूलपत्र) मान्य करण्याआधी गुडघा, पाठ, घरातलं माणूस सांभाळणं, जे असेल ते बोला. आपल्या बायका “चालतंय, करीन मी” म्हणून मोकळ्या होतात. मीही तसंच केलं आणि दोन वर्षं गोदामात उभं राहायच्या कामांसाठी अर्ज करत बसले, सुजलेले गुडघे घेऊन.

२०२३ मध्ये डॉक्टरांनी फिट नोट, म्हणजे प्रकृतीमुळं काम झेपत नसल्याची चिठ्ठी, दिली. मग एक लांबलचक फॉर्म आला. तो भरताना चांगल्या दिवसाबद्दल लिहू नका. जिना चढताना किती वेळा थांबता, किती मिनिटं उभं राहवतं, दुसऱ्या दिवशी काय होतं, ते लिहा. तपासणीनंतर माझी काम करण्याची क्षमता मर्यादित ठरली. जास्तीचे पैसे नाहीत मिळाले, पण काम शोधायची सक्ती सुटली, आणि दुसरा एक फायदा झाला. ज्यांना भाड्याची मदत मिळते आणि क्षमता मर्यादित ठरली आहे, त्यांना महिन्याला ४११ पौंडांपर्यंतच्या कमाईवर काही कापत नाहीत. त्याच्या वर मात्र दर पौंडामागे ५५ पेन्स जातात. मी आता एका प्राथमिक शाळेत दुपारच्या सुट्टीत मुलांवर लक्ष ठेवते. रोज एक तास, आठवड्याला पाच. तासाला १२.२१ पौंड, म्हणजे शाळा चालू असताना महिन्याला २६५ च्या आसपास. ते पूर्ण माझे.

चारशे पौंडांत महिना

शाळेचं काम मिळण्याआधीची चार वर्षं भाडं सोडून जे काही होतं ते म्हणजे मूळ भत्ता. २०२५-२६ मध्ये तो पंचविशीपुढच्या एकट्या माणसाला महिन्याला ४००.१४ होता. माझी वाटणी अशी: वीज-गॅस ७०, पाणी २०, फोन-इंटरनेट २५, बस ३०, कौन्सिल टॅक्सचा राहिलेला वाटा १५, किराणा-भाजी १४०. राहिले शंभर. त्यात साबण, चपला, कुणाच्या घरचं बारसं, आणि बिघडलेलं वॉशिंग मशीन. मशीननं मला सगळ्यात जास्त छळलं. दर महिन्याला दहा पौंड वेगळ्या डब्यात टाकायला लागले तेव्हा सुधारलं.

इंटरनेट कंपनीला फोन करून ‘सोशल टॅरिफ’, म्हणजे भत्त्यावरच्या लोकांसाठीचा स्वस्त दर, मागा. मागितल्याशिवाय देत नाहीत. महिन्याची कमाई ४३५ पौंडांपर्यंत असेल तर औषधांची चिठ्ठी, दात आणि डोळ्यांची तपासणी फुकट होते. मुलं असतील किंवा क्षमता मर्यादित ठरली असेल तर ही मर्यादा ९३५ आहे. पाणीवाल्या कंपनीच्याही सवलती असतात.

खाण्याचं म्हणाल तर आपलं जेवण यात तारून नेतं. पश्चिम लंडनातल्या साउथॉलला तांदूळ आणि तूरडाळ मोठ्या पिशवीत घ्यायची, शेजारणीबरोबर वाटून. ज्वारीचं पीठ तिथं सहज मिळतं. संध्याकाळी सात-साडेसातनंतर सुपरमार्केटात पिवळं लेबल लागलेली मेथी, कोथिंबीर, दूध बघायचं. पिठलं, भाकरी, कांदा: हे मी गरिबीचं जेवण मानत नाही, माझी आजी रोज तेच जेवायची आणि ऐंशी वर्षं जगली. आणि ज्या आठवड्यात काहीच उरलं नव्हतं त्या आठवड्यात मी साउथॉलच्या गुरुद्वाऱ्यात लंगरला बसले. कुणी नाव विचारलं नाही, जात विचारली नाही, काम विचारलं नाही. जेवल्यावर मी भांडी घासायला गेले, ती अजूनही महिन्यातून एकदा जाते.

गावाकडं जायचं झालं तर

२०२२ मध्ये आई गेली. परदेशी जाताना एका महिन्याच्या आत परतणार असाल तर युनिव्हर्सल क्रेडिट चालू राहू शकतं, पण निघण्याआधी जर्नलमध्ये कळवायचं आणि तुमच्यावर घातलेल्या अटी चालूच राहतात. जवळचं माणूस गेलं आणि महिन्यात परतणं खरोखर अशक्य झालं तर आणखी एक महिना धरतात. मी विमानतळावरूनच निरोप लिहिला, परतीच्या तिकिटाचा फोटो जोडला. तेराव्यानंतर आठ दिवसांनी परत आले. तिकीट भावानं काढलं होतं. मुंबई-मिरज गाडीत एका मावशीनं विचारलं, “लंडनला असतेस, मग आईला शेवटी घेऊन का नाही गेलीस?” मी काही बोलले नाही.

लोक बोलतात तेव्हा

इथं मंडळाच्या गणपतीत “सध्या कुठं असता?” हा प्रश्न प्रत्येकाला येतो. पहिली दोन वर्षं मी आरतीला उशिरा जायचे आणि प्रसाद घेऊन लगेच निघायचे. एकदा माझ्यासमोरच एक गृहस्थ म्हणाले, “आपली माणसं बेनिफिटवर नसतात. आपण मेहनती. आपल्या टॅक्सवर हे ऐतखाऊ जगतात.” त्यांना माझं माहीत नव्हतं. मी ताट खाली ठेवलं आणि म्हणाले, “मी आहे.” त्यांचा चेहरा पडला. त्यांना अपमानित करावं असं मला वाटलं नव्हतं, पण गप्प बसणं त्या दिवशी जमलं नाही.

मग आम्ही बराच वेळ बोललो. मी त्यांना जे सांगितलं ते तुम्हीही सांगू शकता. युनिव्हर्सल क्रेडिट घेणाऱ्यांत साधारण तिघांतला एक जण नोकरी करतो. पगार पुरत नाही म्हणून घेतो. सरकार भत्त्यांवर जो खर्च करतं त्यात सगळ्यात मोठा वाटा म्हाताऱ्यांच्या पेन्शनचा आहे, आणि त्यांना कुणी ऐतखाऊ म्हणत नाही, म्हणूही नये. बेकारीचा विमा इथं १९११ च्या कायद्यानं आला, कामगार, मालक आणि सरकार तिघांच्या पैशांतून. इथल्या भत्त्यांच्या व्यवस्थेचा पाया ठरलेला १९४२ चा अहवाल लिहिणारे विल्यम बेव्हरिज यांचा जन्म तेव्हाच्या बंगालातल्या रंगपूरचा. त्यांनी देशापुढचे पाच राक्षस सांगितले त्यांत बेकारी एक होती. राक्षस बेकारीला म्हटलं होतं, बेकार माणसाला नाही.

घरच्यांशी बोलणं याहून अवघड. मी भावाला दीड वर्ष सांगितलं नव्हतं, आणि त्या दीड वर्षात दिवाळीला पैसे पाठवत राहिले, कर्ज काढून. ते तीनशे पौंड फेडायला वर्ष गेलं. सांगितलं तेव्हा तो फोनवर थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, “आक्का, आधी बोलायचं नाहीस का?”

दीर्घकाळ भत्त्यावर असाल तर आणखी एक नोंद बघत जा. युनिव्हर्सल क्रेडिट चालू असताना नॅशनल इन्शुरन्सचं क्रेडिट जमा होतं आणि ते पेन्शनच्या वर्षांत धरतात. पूर्ण पेन्शनला ३५ वर्षं लागतात, किमान दहा. सरकारी वेबसाइटवर आपली वर्षं दिसतात. मी दर मे महिन्यात बघते.

गेल्या गणपतीत मूर्ती उठायच्या आधी एक मुलगा चपलांच्या रॅकजवळ मला गाठून हळूच म्हणाला, “काकू, माझी नोकरी जून महिन्यात गेली. आयएलआर, म्हणजे कायमची परवानगी, आहे. घरी सांगितलेलं नाही.” आम्ही तिथंच हॉलच्या पायरीवर बसलो. बँकेचा तपशील त्याच्या फोनमध्ये होता, भाड्याचा करार ईमेलमध्ये सापडला. बाहेर ढोल सुरू झाले तेव्हा त्याचा अर्ज गेला होता, आणि त्यावर तारीख त्याच दिवसाची पडली.