रिलीझची वही

ओपन सोर्समध्ये नव्याने येणाऱ्या मुलामुलींना पहिलं काम म्हणून मी कोड सुचवत नाही. तुमच्या प्रकल्पाचं रिलीझ, म्हणजे नवी आवृत्ती वापरणाऱ्यांपर्यंत पोचवणं, नेमकं कसं होतं ते शोधा आणि लिहून काढा, असं सांगते. माझी सुरुवात तशीच झाली.

मी कळव्याला राहते, नोकरी ऐरोलीत, टेस्टिंगची. जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणणारी एक छोटी पायथन लायब्ररी आहे, तिच्यातले बग मी नोंदवायचे. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. रफाराचं नेमकं उलटं. त्यामुळे ‘वर्ष’सारख्या साध्या शब्दातला रफार चुकीच्या अक्षरावर जाऊन बसायचा. तो बग दुरुस्त झाला, कोड मर्जही झाला, म्हणजे मुख्य कोडमध्ये मिसळला, पण पाच आठवडे वापरणाऱ्यांपर्यंत पोचला नाही. रिलीझ फक्त आमचे मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणारे, करायचे (सगळे त्यांना दादाच म्हणतात), आणि त्यांच्या आईचं ऑपरेशन होतं. पायपीआय म्हणजे पायथनची पॅकेजेस जिथे चढवतात ते ठिकाण; तिथे चढवायची किल्ली, म्हणजे टोकन, त्यांच्या लॅपटॉपवर, टू-फॅक्टरचा कोड त्यांच्या फोनवर, पायऱ्या त्यांच्या डोक्यात. अशा वेळी त्यांना फोन करायचा धीर आम्हाला कुणालाच झाला नाही, आणि होऊही नये.

आई घरी आल्यावर एका रविवारी मी नौपाड्याला त्यांच्याकडे वही घेऊन गेले. “टॅग लावायचा, बिल्ड करायचं, अपलोड करायचं. झालं,” दादा म्हणाले. (टॅग म्हणजे कोडच्या त्या टप्प्यावर लावलेली आवृत्तीची खूण, बिल्ड म्हणजे त्यातून इन्स्टॉल करता येणारं पॅकेज बनवणं.) मी म्हटलं, “दादा, तुम्ही करा, मी नुसती बघते.” ते करत गेले आणि वहीत चौदा ओळी झाल्या. आधी त्यांनी मेन ब्रांच पुन्हा पुल केली, म्हणजे मुख्य कोडची ताजी प्रत उतरवून घेतली. बिल्ड केलेली पॅकेजेस जिथे येतात त्या डिस्ट फोल्डरमधल्या जुन्या फाइली पुसल्या. आवृत्तीचा क्रमांक एक नाही, दोन ठिकाणी बदलला. चेंजलॉगच्या (कोणत्या आवृत्तीत काय बदललं त्या यादीच्या) वरच्या भागावर तारीख घातली. यातलं काहीच त्यांनी आधी सांगितलं नव्हतं, कारण त्यांच्या लेखी ते सांगण्यासारखं नव्हतंच. म्हणून मेंटेनरला नुसतं विचारून थांबू नका, शेजारी बसून बघा. स्क्रीन शेअर केली तरी चालतं.

ते टिपण मी ट्रान्स हार्बरच्या प्रवासात थोडं थोडं करून नीट लिहिलं आणि पुढचं रिलीझ त्यावरून मीच केलं. ते फसलं. अक्षरांच्या जोड्यांचे नवे तक्ते पॅकेजमध्ये आलेच नव्हते. माझ्या मशीनवर चाचण्या सोर्स फोल्डरमधून चालत होत्या, तिथे तक्ते होते, म्हणून सगळं हिरवं दिसलं. बाहेर इन्स्टॉल करणाऱ्यांना मात्र पहिल्याच शब्दाला एरर. घाईत वाटलं, फाइल काढून त्याच नावाने नवी चढवू. पायपीआयवर तसं करता येत नाही. एकदा वापरलेलं फाइलचं नाव, फाइल पुसली तरी, पुन्हा मिळत नाही. ती आवृत्ती ‘यँक’ करायची, म्हणजे नव्याने इन्स्टॉल करणाऱ्यांना ती आपोआप मिळत नाही पण तीच हवी म्हणून नेमका क्रमांक देणाऱ्यांचं अडत नाही, आणि शेवटचा अंक वाढवून नवं रिलीझ करायचं. त्या रात्री टिपणात दोन गोष्टी वाढल्या. आधी सरावासाठीच्या टेस्ट पायपीआयवर चढवा, तिथून कोऱ्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये (मशीनवरच्या बाकी पायथनपासून वेगळ्या जागेत) इन्स्टॉल करा आणि एक खरं वाक्य युनिकोडमध्ये बदलून बघा. दुसरं, मध्येच काही बिघडलं तर काय करायचं, याचा वेगळा भाग. बहुतेक प्रकल्पांच्या टिपणांत हा भाग नसतो, आणि रात्री अकरा वाजता तोच लागतो.

आवृत्तीच्या क्रमांकावर आमचा बराच खल झाला. सिमँटिक व्हर्जनिंगप्रमाणे बग सुधारला की शेवटचा अंक वाढतो, सुसंगतता मोडली की पहिला. रफाराची दुरुस्ती बगच होती. पण काही जणांनी आमचं चुकीचं आउटपुट आपल्या स्क्रिप्टमध्ये स्वतः सुधारून घेतलं होतं, आमच्या दुरुस्तीने त्यांचं बिघडणार होतं. दादांचं मत शेवटच्या अंकाचं, माझं पहिल्या. अखेर शेवटचाच वाढवला आणि चेंजलॉगच्या पहिल्या ओळीत ठळक इशारा दिला. अजूनही मला तो निर्णय अपुरा वाटतो. निर्णय काहीही होवो, त्यामागचं कारण टिपणात लिहा. पुढच्या माणसाला तोच वाद पुन्हा घालावा लागू नये.

मोठ्या प्रकल्पांची टिपणं वाचा. पायथनचं रिलीझ कसं करायचं हे पेप १०१ या त्यांच्या अधिकृत टिपणात पायरीपायरीने आहे. अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या प्रकल्पांत रिलीझला किमान तीन अधिकृत होकार लागतात आणि मतदान सहसा ७२ तास खुलं असतं. आमच्यासारख्या लहान प्रकल्पाला मतदान नको, पण दुसऱ्या एका माणसाचा होकार आम्ही सक्तीचा केला. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड युटिल्स या फाइली दाबून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या ५.६.० आणि ५.६.१ मध्ये चोरदरवाजा सापडला. त्याला बिल्डमध्ये घुसवणारी ओळ गिटमध्ये, म्हणजे सगळ्यांना दिसणाऱ्या कोडच्या साठ्यात, नव्हतीच, ती फक्त रिलीझच्या टारबॉलमध्ये (डाउनलोडसाठी बांधलेल्या गठ्ठ्यात) होती. ते वाचल्यावर लॅपटॉपवर बिल्ड करणं आम्ही बंद केलं. आता टॅगवरून सर्व्हरच बिल्ड करतो आणि ट्रस्टेड पब्लिशिंगने चढवतो, म्हणजे पायपीआय थेट त्या सर्व्हरलाच ओळखतं, त्यामुळे कुणाच्या लॅपटॉपवर टोकन ठेवावं लागत नाही. पायपीआयवर प्रकल्पाचे मालकही आता दोन आहेत.

टिपण खरं तपासलं ते घणसोलीच्या एका कॉलेजच्या मुलीने. तिने कधीच रिलीझ केलं नव्हतं. मी शेजारी बसले आणि तोंड उघडायचं नाही असं ठरवलं. चौथ्याच पायरीला ती थांबली. “ताई, इथे ‘नेहमीसारखं तपासून घ्या’ लिहिलंय. नेहमीसारखं म्हणजे कसं?” दादांच्या तोंडचं वाक्य मी जसंच्या तसं उतरवलं होतं. आणखी दोन ठिकाणी ती अडली. तिन्ही ओळी तिनेच बदलल्या, आणि प्रकल्पात तिचा पहिला पुल रिक्वेस्ट (माझा बदल घ्या अशी विनंती) तोच.

तुमच्या प्रकल्पात असं टिपण नसेल तर “मी काय करू?” असं विचारू नका. “पुढच्या रिलीझच्या वेळी मी शेजारी बसून टिपून घेऊ का? चेंजलॉगचा कच्चा मसुदाही मी करते,” असं लिहा. मागच्या टॅगपासूनचे मर्ज झालेले बदल आधी वाचून ठेवा, आणि मसुद्यात ‘फंक्शन बदललं’ लिहू नका, ‘आता वर्ष, सूर्य, कार्य या शब्दांतला रफार जागेवर येतो’ असं लिहा.