कोथिंबीर, लिंबू, पुदिना : वरून घालताना या चुका टाळा

पदार्थावर किंवा ग्लासात शेवटी वरून जे घालतो ते निव्वळ शोभेचं, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण घास तोंडात जाण्याआधी वास नाकापर्यंत पोचलेला असतो, आणि वरच्या चार पानांचं खरं काम तिथेच असतं. ते काम बिघडतं ते बहुतेक वेळा दोन कारणांनी : ओलेपणा राहिला, किंवा घालायची वेळ चुकली.

कोथिंबीर आहे, पण वास येत नाही

नाशिकमध्ये कोथिंबिरीचं प्रमाण चवीवर कमी आणि बाजारभावावर जास्त ठरतं. भाव पडला की शेतकरी उभ्या पिकात जनावरं सोडतो आणि आपण पोह्यांवर मूठभर फेकतो. भाव चढला की एकेक पान मोजून. दोन्ही वेळा मुद्दा निसटतो तो चिरण्यात. जुडी धुऊन तशीच ओली फळीवर घेतली आणि बोथट सुरीने दहा वेळा मागेपुढे केलं, की पानं ठेचली जातात. फळी हिरवी होते, म्हणजे वास फळीला लागतो. धुतलेली जुडी पंच्यावर पसरून पूर्ण कोरडी होऊ द्या, धारदार सुरीने एकदाच चिरा, आणि तेही वाढायच्या दोन मिनिटं आधी. तासभर आधी चिरून झाकून ठेवलेली कोथिंबीर फक्त हिरवी दिसते.

तिच्या वासाची द्रव्यं उष्णतेने लगेच उडून जातात, त्यामुळे उकळत्या आमटीत घातलेली पानं वाया गेली म्हणायची. कोवळे देठ मात्र तग धरतात. ते बारीक चिरून शिजताना घाला, पानं गॅस बंद केल्यावर. देठ फेकून देणाऱ्यांना मी तरी कोथिंबीर महाग झाल्याची तक्रार करू देणार नाही.

मिसळीवरची शेव मऊ पडते

घरी दहा माणसं जेवायला असली की घाईत सगळ्या ताटल्या आधीच भरून ठेवल्या जातात : उसळ, फरसाण, कांदा, कोथिंबीर, वर रस्सा. पाहुणे हात धुऊन येईपर्यंत फरसाणाचा लगदा. आपल्याकडच्या मिसळीच्या ठिकाणी रस्सा वेगळ्या वाटीत आणि पापड बाजूला का येतो, ते इथे कळतं. कुरकुरीत ते शेवटपर्यंत कुरकुरीत राहायला हवं. घरीही उसळीवर रस्सा आधी, फरसाण त्यावर, आणि वाढलेली ताटली लगेच हातात. लगदा झालाच असेल तर त्यावर आणखी शेव ओतू नका, नवी शेव वाटीत वेगळी द्या.

कांदा आधी चिरून ठेवला की उग्र होतो. गार पाण्यात दहा मिनिटं बुडवा, मग निथळून कोरडा करा. पाण्यासकट ताटलीत आला तर तो रस्साच पातळ करतो. लिंबाची फोड करताना बरोबर मधून चार भाग केले तर बिया आणि मधला दांडा दोन्ही आड येतात. दांडा सोडून दोन्ही बाजूंचे गाल कापा. रस सरळ पडतो, बी कुणाच्या दाताखाली येत नाही.

ग्लासातला पुदिना कडू लागतो

मोहितो, म्हणजे पुदिना-लिंबाचं गार पेय, म्हटलं की पुदिना खलबत्त्यात ठेचायची घाई होते. पुदिन्याचं सुगंधी तेल पानाच्या पृष्ठभागावरच्या बारीक ग्रंथींमध्ये असतं. त्यांना हलका दाब पुरतो. पान फाटेपर्यंत ठेचलं की गवतासारखी कडसर चव उतरते आणि हिरवे तुकडे स्ट्रॉमध्ये अडकतात. साखर आणि लिंबाबरोबर दोनदा दाबा, बास. वर खोचायची डहाळी तळहातावर ठेवून एक चापट मारा आणि स्ट्रॉच्या अगदी शेजारी उभी करा. स्ट्रॉ आखूड ठेवा, म्हणजे प्यायला वाकताना नाक पुदिन्यात जातं. ग्लासच्या पलीकडच्या काठाला खोचलेली डहाळी फक्त फोटोसाठी.

सालीच्या पिळ्यात वेगळी गडबड होते. परदेशी पाककृतीत लिंबाची साल सांगितलेली असते, पण आपल्या कागदी लिंबाची साल इतकी पातळ की सोलताना हातात चिंधी येते. मोसंबी किंवा संत्रं घ्या. बाजारातल्या फळांवर मेणाचा थर असू शकतो, म्हणून कोमट पाण्याने चोळून धुवा. सोलाण्याने दोन बोटं रुंद पट्टी काढा, आतला पांढरा भाग जाड आला तर खरवडून टाका, कडूपणा तिथेच असतो. मग सालीची रंगीत बाजू पेयाकडे धरून दाबा. तेलाचा बारीक फवारा पृष्ठभागावर पडतो. साल पेयात नाही टाकली तरी चालते.

काठाला मीठ लावताना ग्लास उलटा करून पाण्यात आणि मग मिठात बुडवतात, तेव्हा आतल्या बाजूचं मीठ पेयात उतरतं आणि पहिल्या घोटालाच तोंड खारट. लिंबाची फोड फक्त बाहेरच्या कडेवरून फिरवा, तीही अर्ध्या काठावर, म्हणजे नको असेल त्याला दुसरी बाजू मोकळी मिळते. पेरूच्या पेयाला मीठ-तिखट झकास. पावसाळ्यात मात्र मीठ ओलं होऊन गोळे धरतं. आधी तव्यावर कोरडं परतून घ्या.

चांगल्या वाईनमध्ये फळं

2000 साली इथल्या सुला वायनरीच्या पहिल्या बाटल्या आल्या, तेव्हापासून नाशिकमध्ये पाहुण्यांपुढे वाईन ठेवणं नवलाचं राहिलेलं नाही. तरी सोव्हिन्यॉं ब्लांक या पांढऱ्या वाईनच्या ग्लासात स्ट्रॉबेरी टाकणारे भेटतात. तिला स्वतःचा वास आहे, तो झाकू नका. फळं सांग्रियात, म्हणजे फळं घालूनच करतात त्या वाईनच्या पेयात घाला, त्यातही सफरचंद आधी लिंबाच्या पाण्यात बुडवून, नाहीतर तपकिरी पडतं. संत्र्याच्या चकत्या रात्रभर ठेवल्या तर पांढरा भाग कडूपणा सोडतो.

वाईन कोमट झाली म्हणून बर्फ टाकला की ती पाणचट होते. इथे आपली थॉमसन सीडलेस द्राक्षं कामाला येतात : धुऊन, एकेक पुसून, तीन-चार तास फ्रीजरमध्ये. ओलीच ठेवली तर एकमेकांना चिकटतात. दगडासारखी गोठलेली द्राक्षं ग्लासात बर्फाचं काम करतात आणि शेवटी खायला मिळतात. लहान मुलांच्या सरबतात मात्र अख्खी टाकू नका, घशात अडकतात. उभी चार भाग करूनच द्या.

जे खायचं नाही ते ताटात नको

हल्ली केकवर, ग्लासवर फुलं ठेवायची पद्धत आली आहे. हाराच्या झेंडूवर खाण्याच्या पिकाचे नियम पाळून फवारणी झालेली असते, असं धरून चालू नका. कण्हेर तर विषारीच, तिचा परिणाम थेट हृदयावर होतो. केरळमध्ये मे 2024 मध्ये त्रावणकोर देवस्वम मंडळाने नैवेद्य-प्रसादातून कण्हेरीची फुलं काढून टाकली. देवाला चालेना तिथे पाहुण्यांच्या ताटात कशाला? घरच्या कुंडीतला, औषध न मारलेला गुलाब किंवा गोकर्ण पुरे.

धुरासाठी ड्राय आइस टाकणाऱ्यांना एकच सांगणं : तो उणे 78 अंशांचा घन कार्बन डायऑक्साइड आहे. तुकडा घोटाबरोबर गेला तर तोंड आणि अन्ननलिका जळते. ग्लासात तुकडा असेल, तर धूर पूर्ण थांबून तो विरेपर्यंत ग्लास कुणाच्याही हातात देऊ नका. मुलं असलेल्या घरात तो आणूच नका.