पहिली लांब पल्ल्याची बाईक रॅली: आधी वेळेत पोहोचा, पॉइंट नंतर

लांब पल्ल्याच्या रॅलीत पहिल्यांदा उतरणारे बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात: किती वेगाने चालवावी लागेल? प्रश्नच चुकीचा आहे. या खेळात रस्त्यावरचा वेग जवळपास सगळ्यांचा सारखाच असतो. फरक पडतो तो गाडी थांबलेली असताना. कोण कुठे किती मिनिटं उभं राहिलं, कुणी कुठला फाटा सोडून दिला आणि कोण वेळेवर झोपलं, यावर निकाल लागतो.

रॅलीचे ढोबळ दोन प्रकार आहेत. एक ठरावीक अंतराचा. अमेरिकेतल्या आयर्न बट असोसिएशनची 'सॅडलसोअर' म्हणजे २४ तासांत १,००० मैल, अर्थात १,६०९ किलोमीटर. दुसरा पॉइंटचा. त्यात सुरुवातीला एक पुस्तिका हातात पडते. तिच्यात बोनसची, म्हणजे गेल्यावर पॉइंट मिळणारी ठिकाणं, प्रत्येकाचे पॉइंट आणि कुठलं ठिकाण किती ते किती वेळेत चालेल हे दिलेलं असतं. कुठे जायचं ते तुम्ही ठरवायचं आणि ठरलेल्या वेळी शेवटच्या ठिकाणी हजर व्हायचं. १९८४ पासून चालत आलेली आयर्न बट रॅली याच पद्धतीची आहे, ११ दिवसांची. तिथेही नुसतं परत येऊन भागत नाही. किमान पॉइंट झाले तरच रॅली पूर्ण केल्याची नोंद होते. उशिराला आधी मिनिटामागे दंड आणि ठरावीक मर्यादेनंतर थेट बाद, हा नियम बहुतेक ठिकाणी सापडतो. म्हणून पुस्तिका मिळाली की पॉइंटच्या पानाआधी दंडाचं पान वाचा.

१,६०९ किलोमीटर पहिल्या वर्षी का नको

साधा भागाकार करू. १,६०९ भागिले २४ म्हणजे थांब्यांसकट ताशी ६७ ची सरासरी. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार चार पदरी महामार्गावर दुचाकीला ताशी ८० ची कमाल मर्यादा आहे. पेट्रोल, जेवण आणि झोप मिळून चार तास थांबलात, तर उरलेल्या २० तासांत सरासरीच ८० च्या वर लागते. गावं, गतिरोधक आणि घाट धरले तर नियमात राहून ते जमत नाही. थांबणं अडीच तासांवर आणलं तरी चालतानाची सरासरी ७५ हवी. चांगल्या चार पदरी रस्त्यावर मर्यादा पाळून ६५ मिळाली तरी पुष्कळ झालं.

म्हणून पहिलं लक्ष्य २४ तासांत १,००० किलोमीटर ठेवा. नाशिकहून त्यासाठी जुना आग्रा रोड उत्तम आहे: चांदवड, मालेगाव, धुळे, शिरपूर, सेंधवा, खलघाट, इंदूर बायपास, देवास, शाजापूर आणि त्याच वाटेने परत. जाऊन येऊन साधारण १,०३० किलोमीटर होतात. समृद्धी महामार्ग आराखड्यात धरू नका, तिथे दुचाकीला बंदी आहे.

पहाटे चारला निघालात, तर रात्री आठपर्यंत परतीच्या वाटेवर धुळ्यात पोहोचता येतं. तोवर सुमारे ८७० किलोमीटर झालेले असतात. ६५ च्या सरासरीने त्याला साडेतेरा तास लागतात आणि थांब्यांना अडीच तास उरतात. आता नाशिक १६० किलोमीटरवर आहे. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. "आता काय, घर आलंच" म्हणून माणूस निघतो. पण तीनला उठलेल्याला आठ वाजता १७ तास झालेले असतात. सलग १७ तास जागं राहिल्यावर शरीराची प्रतिक्रिया रक्तात १०० मिलीला सुमारे ५० मिलिग्रॅम अल्कोहोल असल्यासारखी मंदावते, असं प्रयोगांत दिसलं आहे. आपल्याकडे दारू पिऊन गाडी चालवण्याची कायदेशीर मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे.

तेव्हा धुळ्यात लॉज आधीच सांगून ठेवा. पैसे भरलेले आणि खोली तळमजल्याची असेल तर उत्तम. सव्वाआठ ते पावणेबारा झोप, बाराला गाडी चालू, पावणेतीनपर्यंत नाशिक. तरी सव्वा तास हाताशी राहतो. मालेगाव आणि चांदवडच्या मधला राहुड घाट रात्री उतरायचा नसून चढायचा आहे, पण लोड ट्रक दुसऱ्या लेनमध्येही रांगत असतात, तेवढं ध्यानात ठेवा. हिवाळ्यात परतताना सेंधव्याच्या आसपास मावळतीचं ऊन थेट डोळ्यांवर येतं. धुरकट झालेली काच त्या आधीच्या थांब्यावर पुसून घ्या. बिजासन घाटात ट्रकांची कोंडी झाली की अर्धा तास सहज जातो. तो वेळापत्रकात आधीच धरा.

पॉइंटच्या रॅलीचं गणित

हा भाग सरावाशिवाय येत नाही. नाशिकमध्ये तो घरबसल्या करता येतो. आठ तासांची लुटुपुटूची रॅली मांडा: सकाळी ८ ला द्वारका चौकातून निघायचं, दुपारी ४ ला परत. मूळ फेरी चांदवड, मनमाड, येवला, शिर्डी, सिन्नर, नाशिक. अंदाजे २४५ किलोमीटर. या भागात सरासरी ५० च्या वर धरू नका, म्हणजे पाच तास. पाच बोनसना प्रत्येकी सहा मिनिटं आणि पेट्रोलला दहा धरले की पाच तास चाळीस मिनिटं होतात.

आता एकूण वेळेचा दहावा हिस्सा, म्हणजे पाऊण तास, बाजूला काढा. हा राखीव वेळ पॉइंटसाठी वापरायचाच नाही. पंक्चर, रेल्वे फाटक, कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग यांचा तो हक्काचा आहे. उरली साधारण ९५ मिनिटं. ती कुठे खर्च करायची?

समजा तीन पर्याय आहेत. मालेगावचा किल्ला ३०० पॉइंट, भंडारदरा ६००, सिन्नरचं गोंदेश्वर मंदिर ६०. नवखा माणूस ६०० कडे धावतो. पण मोजायचं असतं ते वाट वाकडी करण्याचं अंतर. चांदवडहून थेट मनमाड २५ किलोमीटर; मालेगावमार्गे ७८. म्हणजे ५३ जास्त, गावातली गर्दी आणि फोटो धरून ७५ मिनिटं. मिनिटाला ४ पॉइंट पडले. सिन्नरहून घोटीमार्गे भंडारदरा करून नाशिकला यायचं तर सुमारे १२४ किलोमीटर जास्त. तिथे सरासरी ४५, म्हणजे थांब्यासकट १७५ मिनिटं आणि मिनिटाला साडेतीनच्या आत पॉइंट. गोंदेश्वर वाटेवरच आहे, १२ मिनिटांत होतं, मिनिटाला ५. मालेगाव आणि गोंदेश्वर मिळून ८७ मिनिटं लागतात, म्हणजे ९५ मध्ये बसतात. भंडारदरा कितीही मोहात पाडो, बसत नाही.

पुढची पायरी म्हणजे निर्णयाची जागा आणि निर्णयाची वेळ आधीच कागदावर लिहिणं. "चांदवड ९:२५ च्या आत सोडलं तरच मालेगाव, नाहीतर सरळ मनमाड." हे वाक्य टँकबॅगच्या (टाकीवरच्या पिशवीच्या) खिडकीत दिसलं पाहिजे. दमलेल्या डोक्याने रस्त्यात केलेलं गणित नेहमी आशावादी निघतं. कुठला बोनस सोडायचा याचा क्रमही आदल्या रात्रीच ठरवा. उशीर झाला की यादीतला सर्वांत कमी भावाचा, म्हणजे मिनिटाला सर्वांत कमी पॉइंट देणारा बोनस निघतो. त्यावर चर्चा नाही. चुकलेला वेळ वेगाने भरून काढायला जाऊ नका. ३० किलोमीटरवर ६० ऐवजी ७० ने गेलात तर जेमतेम सव्वाचार मिनिटं वाचतात.

शेवटचे दहा किलोमीटर वेगळे धरा. सिन्नरकडून येताना नाशिक रोड ते द्वारका हा टप्पा संध्याकाळी नकाशा सांगतो त्याच्या दुप्पट वेळ खातो. सकाळच्या वेळी पिंपळगाव, लासलगाव, येवल्याच्या बाजार समित्यांबाहेर तीच गत. ऊस गाळपाच्या हंगामात कोपरगाव पट्ट्यात अंधार पडल्यावर जपून जा. उसाच्या बैलगाडीला आणि ट्रॉलीला मागे दिवा असेलच असं नाही.

झोपेचे म्हणून पॉइंट देणाऱ्या रॅली असतात. दोन बिलं दाखवायची, मधले काही तास विश्रांतीचे. ते पॉइंट कधीही सोडू नका. एवढ्या स्वस्तात दुसरे मिळत नाहीत.

थांब्यावरची शिस्त

दहा थांब्यांवर प्रत्येकी दहा मिनिटं जास्त गेली तर शंभर मिनिटं, म्हणजे ६५ च्या हिशोबाने १०८ किलोमीटर. पंपावरचा क्रम पाठ हवा: पेट्रोल, बिल, बिलाचा आणि ओडोमीटरचा फोटो, लघवी, पाणी भरणं, टायरवर नजर, निघणं. दहा मिनिटांत हे सगळं होतं. हेल्मेट काढून चहा मागवला की पंचवीस होतात. चहा प्यायचाच असेल तर तो जेवणाच्या थांब्यात बसवा.

बिल हाच तुमचा पुरावा आहे. त्यावर गाव, तारीख आणि वेळ आहे का ते पंपावरच बघा. मशीनचं घड्याळ चुकलेलं असतं आणि ते घरी आल्यावर कळून उपयोग नाही. वेळ चुकीची असेल तर ऑनलाइन पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट जोडा. थर्मल कागद उन्हात काळा पडतो, म्हणून फोटो लगेच. टाकीचा पल्ला काढताना पाचवा हिस्सा वजा करा. १५ लिटर आणि लिटरला ३० चा ॲव्हरेज असेल तर ४५० नव्हे, ३६० किलोमीटर.

बोनसवरही ठरलेला क्रम ठेवा: स्टँड, रॅलीचा झेंडा (तो प्रत्येक फोटोत दिसावा लागतो), फोटो, फोटो मोठा करून बघणं, मग ओडोमीटर आणि वेळ लिहिणं. झेंडा दोरीने टँकबॅगला बांधा. तो कुठल्यातरी ओट्यावर विसरला की पुढचे सगळे बोनस धोक्यात. ठिकाणाचा सांकेतिक क्रमांक उलटसुलट लिहिल्याने जेवढे पॉइंट बुडतात, तेवढे पंक्चरने बुडत नाहीत.

गाडी

नवीन काहीही रॅलीच्या आठवड्यात बसवू नका. टायर, सीट, जोडदिवे, मोबाइलचा होल्डर, सगळं किमान ५०० किलोमीटर आधी वापरलेलं हवं. मागच्या टायरची नक्षी ३ मिलिमीटरच्या खाली असेल तर बदला. हवा टायर थंड असताना तपासा. चेनचा ढिलेपणा गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे ठेवा. घट्ट चेन लांबच्या प्रवासात बेअरिंग खाते. ल्यूब दर ५०० किलोमीटरला, चेन गरम असताना.

जुनी पण पक्की युक्ती: जादा क्लच केबल आधीच मूळ केबलच्या बाजूने ओढून टाय लावून ठेवा. तुटली तर दोन टोकं जोडायची की काम झालं. सोबत फ्यूज, ट्यूबलेसच्या पंक्चरच्या वाती, बारा व्होल्टचा छोटा पंप आणि चेनची जोडकडी घ्या. ट्यूबचे टायर असतील तर ट्यूब आणि पाने घ्याच, आणि चाक काढून बसवण्याचा सराव घरी दोनदा करा.

शरीर

आधीच्या तीन रात्री पूर्ण झोप. आदल्या रात्रीची झोप उत्साहाने उडतेच, म्हणून तिच्या आधीच्या दोन जास्त मोलाच्या. पहाटे २ ते ५ आणि दुपारी १ ते ३ या वेळांत शरीर आपोआप मंदावतं. कॉफी लागू पडायला वीस-तीस मिनिटं लागतात. ती पिऊन लगेच वीस मिनिटांची डुलकी काढली तर उठताना दोन्हींचा फायदा मिळतो. मागचं गाव कुठलं होतं हे आठवत नसेल, गाडी पांढऱ्या पट्टीकडे सरकत असेल किंवा वेग नकळत कमी-जास्त होत असेल, तर पुढच्या उजेडाच्या पंपावर थांबा. गाणी मोठ्याने लावून किंवा काच उघडून झोप जात नाही.

पाठीवर दोन लिटरची पाण्याची पिशवी, दर वीस-पंचवीस मिनिटांनी दोन-चार घोट. उन्हाळ्यात खानदेशातून जाताना एक लिटरला एक ओआरएसचं पाकीट, तेही पूर्ण. अर्धं पाकीट किंवा अर्धं पाणी असला अंदाज नको. लघवी गडद झाली की आधीच उशीर झालेला असतो. खाणं थोडं थोडं: दहीभात, केळी, राजगिऱ्याचा लाडू, मूठभर मनुके. तर्रीची मिसळ पोहोचल्यावर. पोट बिघडून रॅली सोडणारे कमी नाहीत.

कानात फोमचे बोळे घाला. ताशी ८० ला हेल्मेटच्या आत वाऱ्याचा आवाज ९० डेसिबलच्या वर जातो आणि तो तासन्‌तास ऐकण्यानेच निम्मा थकवा येतो. आतून शिवण टोचणारी सुती चड्डी नको. घामाने ती ओली राहते आणि ४०० किलोमीटरनंतर बसवत नाही. सायकलवाल्यांची बिनपॅडची पॉलिस्टरची आतली पँट चांगली चालते.

पोहोचल्यावर

शेवटच्या ठिकाणी गाडी लावली की लगेच टेबलापाशी जाऊ नका. नियमात वेळ दिलेली असेल तर ती पूर्ण वापरा. तोंड धुवा, बसा आणि प्रत्येक बोनसची ओळ फोटोशी ताडून बघा: क्रमांक, वेळ, ओडोमीटर. तपासणाऱ्यापुढे एकदा कागद ठेवला की दुरुस्ती सहसा चालत नाही. मग गाडीची किल्ली दुसऱ्या कुणाकडे द्या. घर गंगापूर रोडला असलं तरी त्या रात्री रिक्षाने जा.