शिकारीची ऑफर आली तर: फाटक उघडण्याआधी कागद वाचा

चतुर्थी सरली की गोव्याच्या सत्तरी, धारबांदोडा, सांगे, काणकोणात बोलण्याचा विषय एकच. भात निसवलेलं असतं, लोंबीत दूध भरत असतं, आणि रात्री रानडुकरांचा कळप बांध ओलांडून आत येतो. खातो थोडं, तुडवतो जास्त. कुळागराला, म्हणजे माड-पोफळी-केळीच्या मिश्र बागायतीला, तर सुट्टीच नाही. केळीचे गड्डे उकरलेले, सुरण आणि रताळी गेलेली, औंदा लावलेल्या माडाच्या रोपाचा कोंबच खाल्लेला. गवे शिरले तर केळीची अख्खी रांग आडवी. माणूस वैतागणारच.

नेमका हा वैताग हेरून काही मंडळी दारात येतात. एक जण गावातलाच असतो, ठासणीची बंदूक बाळगणारा. "पैसे नकोत, वाटा द्या" म्हणतो. दुसरी मंडळी गाडी घेऊन बाहेरून येतात आणि दोन रात्री बागायतीत बसू दिल्याबद्दल उलट तुम्हालाच पैसे देऊ करतात. तिसरा प्रकार अलीकडचा. बागायतीत पाहुण्यांसाठी खोल्या काढलेल्यांना एजंटाचा फोन येतो. पाहुणे हौशी आहेत, "प्रायव्हेट लँड हंटिंग"चा अनुभव हवाय, जमीन तुमच्या नावावर आहे म्हणजे कायद्याची अडचण नाही, असं तो बिनदिक्कत सांगतो.

अडचण आहे, आणि ती थेट तुमच्या गळ्याशी येते.

जमीन तुमची याचा पुरावा म्हणजे एक-चौदाचा उतारा, गोव्यातला सातबाराच. त्या उताऱ्यात जमीन येते, झाडं येतात, कुळाचं नाव येतं. रानडुक्कर येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. त्यातली शिकारबंदी अभयारण्यापुरती नाही. तुमचं भाट (बागायती जमीन), कोमुनिदादीचं (गावकीच्या मालकीचं) शेत, मोकाशाची (जुनी इनामी) जमीन, खाजगी वन, सगळीकडे ती सारखीच लागू आहे. मारलेला प्राणी सरकारची मालमत्ता ठरतो, मग तो कोणाच्याही जमिनीत पडो.

मग ही "खाजगी जमिनीवर चालतं" समजूत आली कुठून? इंटरनेटवरच्या परदेशी जाहिरातींवरून. दक्षिण आफ्रिकेत 1991 च्या कायद्यानुसार नीट कुंपण घातलेल्या जमिनीतल्या वन्यप्राण्यांवर जमीनमालकाची मालकी राहते आणि तिथे शिकारीचा रीतसर धंदा चालतो. अमेरिकेत प्राणी राज्याच्या ताब्यातला मानतात, पण राज्याचा परवाना आणि जमीनमालकाची संमती असली की हंगामात शिकार करता येते. त्या जाहिराती त्या देशांपुरत्या खऱ्या असतील. फोंड्याच्या डोंगरात त्यांचा काडीचा उपयोग नाही.

आपल्याकडेही एके काळी परवाने होते, हे जुने लोक सांगतात ते खोटं नाही. 1972 च्या मूळ कायद्यात "बिग गेम" शिकारीचा परवाना होता, "स्मॉल गेम"चा होता, प्राणी पकडण्याचा वेगळा होता. 1991 च्या दुरुस्तीने ही सगळी दुकानं बंद झाली. त्यामुळे "आमच्याकडे शिकारीचं लायसन्स आहे" असं कोणी म्हणाला, तर तो एक तर आजोबांचा कागद दाखवतोय किंवा बंदुकीच्या परवान्यालाच शिकारीचा परवाना म्हणतोय. शेतीसंरक्षणासाठी मिळालेला बंदूक परवाना शस्त्र कायद्याखालचा असतो. बंदूक जवळ बाळगायची मुभा त्यातून मिळते, प्राणी मारायची नाही.

आता एकच दार उघडं राहतं, ते म्हणजे कलम 11. कायदा 2022 मध्ये बदलला आणि 1 एप्रिल 2023 पासून प्राण्यांच्या मुख्य अनुसूची (कायद्याला जोडलेल्या याद्या) दोनच राहिल्या. पहिलीत गवा, बिबटा, मोर आणि आपलं लाल तोंडाचं माकड. दुसरीत रानडुक्कर. पहिल्या अनुसूचीतला प्राणी मारायला परवानगी फक्त मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात. तीही प्राणी माणसाच्या जिवावर उठला असेल किंवा बरा न होण्याइतका जखमी, आजारी असेल तरच. आणि मारण्याआधी तो पकडून, बेशुद्ध करून किंवा दुसरीकडे हलवून भागणार नाही याची त्यांची खात्री व्हावी लागते. पिकाचं नुकसान हे कारण तिथे चालत नाही. केळीची बाग आडवी केली म्हणून गवा मारायची परवानगी कोणी दाखवत असेल, तर पुढचं वाचायचीही गरज नाही. दुसऱ्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी मात्र उभ्या पिकाचं नुकसान हे कारण कायद्याने मान्य केलेलं आहे. त्यासाठी मुख्य वन्यजीव रक्षकांचा किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याचा लेखी हुकूम लागतो, आणि त्या हुकमात कारण, प्राणी आणि ठरावीक क्षेत्र लिहिलेलं असायला हवं.

आता समोर ठेवलेला कागद कसा वाचायचा, ते सांगतो. मला एका बागायतदाराने मोबाइलवर असाच एक "परवाना" दाखवला होता. झेरॉक्सचा फोटो, इंग्रजी मजकूर, वर केंद्र सरकारच्या राजपत्राचा मथळा, आणि "वाइल्ड बोअर" व "व्हर्मिन" या शब्दांवर पिवळा हायलायटर. बागायतदाराला वाटलं, सरकारने डुकराला उपद्रवी ठरवून टाकलंय. खालचा तक्ता वाचला तर जिल्ह्यांची नावं बिहारची, तारीख डिसेंबर 2015 ची आणि मुदत एक वर्षाची. कागद खरा होता, शंभर टक्के खरा. फक्त तो गोव्याचा नव्हता आणि केव्हाच संपला होता. उपद्रवी ठरवण्याचा अधिकार कलम 62 खाली केंद्राचा, आणि असा हुकूम नेमून दिलेल्या भागापुरता आणि मुदतीपुरताच असतो. त्या काळात उत्तराखंडात रानडुकरासाठी आणि हिमाचलात माकडासाठीही असे हुकूम निघाले होते. तेही असेच फिरत असतात.

दुसरा हमखास कागद सीमेपलीकडचा. दोडामार्गात मिळालं म्हणजे डिचोलीत चालेल, असं नसतं. महाराष्ट्राच्या अधिकाऱ्याचा हुकूम महाराष्ट्रात. केरळने 2022 मध्ये पंचायत प्रमुखांना रानडुक्कर मारण्याचे आदेश द्यायचे अधिकार दिले, त्याची मराठीत भाषांतरित बातमी दाखवून "आता सरपंचाची सही पुरे" असं सांगणारेही आहेत. केरळच्या पंचायतीचा अधिकार गोव्याच्या सरपंचाकडे आपोआप येत नाही. सरपंचाने लेटरहेडवर सही ठोकून दिली, तर अडकेल तोही.

तेव्हा कागदावर बघायच्या गोष्टी अशा. सही गोव्याच्या अधिकाऱ्याची आहे का? जावक क्रमांक आणि तारीख आहे का? गाव आणि सर्व्हे नंबर तुमचाच आहे का? प्राण्याचं नाव स्पष्ट आहे का, की नुसतं "वन्यप्राणी"? परवानगी कोणाच्या नावाने आहे, आणि दारात उभा असलेला माणूस तोच आहे का? मग तो कागद घेऊन स्वतः तुमच्या भागातल्या वनक्षेत्रपालाच्या (आरएफओच्या) कार्यालयात जा. कागदावर छापलेल्या नंबरावर फोन करून खात्री करून घेऊ नका. तो नंबर कोणाचा हे तुम्हाला कसं कळणार? आरएफओकडे समाधान झालं नाही तर पणजीला आल्तिनोवर वनभवन आहे.

पण खरं सांगायचं तर कागद बघण्याच्याही आधी एक प्रश्न विचारा: यात पैसे कोण कोणाला देतोय? कलम 11 ची परवानगी विकत मिळत नाही आणि विकताही येत नाही. जिथे सरकारी हुकमाने प्राणी मारले गेले, तिथे नेमबाजाला सरकारने किंवा पंचायतीने बोलावलं, आणि पैसे द्यायचे असले तर त्यांनीच दिले. हौशी माणूस पैसे मोजून शिकारीला येतो, जमीनमालकाला भाडं मिळतं, मांस वाटून घेतलं जातं, शिंगं भिंतीवर जातात, अशी रचना या कायद्यात बसवायला जागाच नाही. "मांस तुमचं, सुळे आमचे" हे वाक्य कानावर आलं की समजा, परवानगी नाही. एरवी सरकारच्या मालमत्तेचे वाटे कोण घालेल?

"मी काही केलं नाही, फक्त बसू दिलं" ही सबब चालेल असं अनेक भाटकारांना (जमीनमालकांना) वाटतं. कायद्यात शिकारीची व्याख्या भलती रुंद आहे. गोळी झाडणं, विष घालणं, फास लावणं तर आलंच. प्राण्याला हाकून आणणं, आमिष ठेवणं आणि या सगळ्याचा नुसता प्रयत्न करणं, हेही शिकारच. म्हणजे तुमच्या कामगारांनी डबे वाजवून हाकारा केला, तर ते शिकारीत सामील. मदत करणाऱ्याला, चिथावणाऱ्याला कलम 52 खाली शिक्षा तीच. रानडुकरासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. गवा असेल, किंवा जागा अभयारण्याच्या हद्दीत असेल आणि प्राणी कुठलाही असो, तर कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सात वर्षं, शिवाय निदान पंचवीस हजारांचा दंड. वापरलेली गाडी आणि हत्यार जप्त होऊन सरकारजमा. "सगळी जबाबदारी आमची" असा बाँड लिहून देतात, त्याला रद्दीचा भाव मिळेल तेवढाच. फ्रीजमध्ये मांस सापडलं तर ते कायदेशीर आहे हे तुम्हालाच सिद्ध करावं लागतं.

आणखी एक बाब बंदूकवाल्यांना बहुधा ठाऊक नसते. अभयारण्यापासून 10 किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाने आपलं नाव वन्यजीव विभागाकडे नोंदवायचं असतं, आणि त्या पट्ट्यात नवा परवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या संमतीशिवाय देता येत नाही. म्हादई, मोले, नेत्रावळी, खोतीगाव आणि मध्ये बोंडला. नकाशावर यांच्याभोवती 10 किलोमीटरची रेघ ओढून बघा, पूर्वेकडच्या तालुक्यांत बाहेर काय उरतं ते. वन विभागाची नजर इथे अधिक कडक आहे आणि त्याला कारणही आहे. जानेवारी 2020 मध्ये सत्तरीत गोळावलीला एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषाने मेले. 2023 मध्ये उच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्प जाहीर करण्याचा निर्देश दिला, त्यावरून बरंच रामायण झालं. व्याघ्र प्रकल्पावर तुमचं मत काहीही असो, रात्री जंगलाकाठी बार वाजला की आता कोणी कानाडोळा करत नाही.

हल्ल्यात जीव वाचवताना प्राणी मारला गेला तर तो गुन्हा नाही, हेही कायद्यातच आहे. पण त्या वेळी तुम्ही फास लावून किंवा बंदूक घेऊन शिकारीलाच बसला असाल, तर ही सवलत मिळत नाही. आणि मेलेला प्राणी तरीही सरकारचाच.

मग डुकरांचं करायचं काय? शिकारीच्या नादात दोन रात्री घालवण्यापेक्षा या महिन्यात हाताशी असलेली कामं करा. बांधालगतची झुडपं, घाणेरी, रानमोडी साफ करा. डुकरं दिवसा तिथेच दडून असतात. राखणीचा माळा एकट्याने नको, शेजारची चार शेतं मिळून पाळी लावा. सौर कुंपणाला एनर्जायझर हवाच. त्यातून थांबून थांबून क्षणभराचा झटका बसतो, प्राणी दचकतो, मरत नाही. तारेखालचं गवत आठवड्याला कापा, ते टेकलं की करंट जमिनीत जातो आणि तुम्ही कंपनीला शिव्या घालत बसता. घरच्या लाइनवरून थेट तार जोडणं मात्र गुन्हा आहे आणि त्यात पहिला जीव बहुतेक वेळा गुराचा नाहीतर माणसाचा जातो. क्लचवायरचे फास आणि गावठी बॉम्ब यांचंही तेच. कुंपणाच्या अनुदानाची चौकशी विभागीय कृषी कार्यालयात करा, कृषी कार्ड बरोबर न्या. दाणा भरला की कापणी लांबवू नका. यंत्राची वाट बघत शेत उभं ठेवलं तर डुकरांचंच फावतं.

नुकसान झालं तर आवराआवर करण्याआधी फोटो काढा: एक दुरून, ज्यात शेजारचा ओळखीचा माड किंवा घर दिसेल, आणि एक जवळून, खुरांच्या ठशाशेजारी कोयता ठेवून. त्याच दिवशी वनक्षेत्रपाल आणि विभागीय कृषी कार्यालय या दोन्हीकडे लेखी अर्ज द्या, सोबत एक-चौदाची प्रत जोडा, आणि पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका. पंचनामा होईपर्यंत आडवं भात तसंच राहू द्या. कुळ किंवा मुंडकार (भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणारे) असाल आणि उताऱ्यावर तुमचं नाव नसेल, तर भाटकाराचं संमतीपत्र आत्ताच करून ठेवा, कारण ऐन वेळी तो भेटेलच असं नाही.

कोणी न विचारता तुमच्या बागायतीत शिकारीला घुसलं, तर अंधारात त्यांना अडवायला जाऊ नका. डुक्कर समजून माणसावर गोळी गेल्याचे प्रकार घडलेले आहेत. गाडीचा नंबर टिपा आणि 112 वर फोन करा. सकाळी फासात अडकलेला किंवा मेलेला प्राणी दिसला तर त्याला हात न लावता आरएफओला कळवा. प्राणी ताब्यात आला तर 48 तासांत खबर द्यायची मुदत कायद्यात आहे, पण तेवढं थांबू नका, त्याच सकाळी कळवा.