ब्लोअरची मोटर बदलताय? आधी कपलर घ्या

जुन्या पिकअपचा ब्लोअर, म्हणजे डॅशबोर्डच्या आतला हवा मारणारा पंखा, घरी, सोसायटीच्या पार्किंगमध्ये बदलता येतो. एका सकाळचं काम आहे, पण सामान हाताशी असेल तरच. आणि सामानात सगळ्यात आधी कपलर. मोटरच्या शेपटाला दोन पिनांचा प्लास्टिकचा जो कपलर लागतो तो, वीतभर वायरसकट, नवा घ्या. मागच्या वेळी मी मोटर नवी आणली, स्पीड कमी करणारा रेझिस्टर नवा आणला आणि दोन्ही जुन्याच करपलेल्या कपलरला जोडून मोकळा झालो. नवी मोटर एक पावसाळासुद्धा धड चालली नाही. भर पावसात गायमुखच्या घाटात समोरची काच आतून धुक्याने भरली आणि वारा मारायला काही नाही, हा अनुभव कुणाला येऊ नये.

मुळात मोटरच गेली आहे का, ते आधी बघा. फक्त शेवटचा फुल्ल स्पीड चालतो आणि खालचे चालत नाहीत, तर मोटर ठणठणीत आहे, रेझिस्टर गेलाय. कुठलाच स्पीड नाही, तर फ्यूज, रिले (करंट चालू-बंद करणारी डबी) आणि अर्थची वायर बघा. मोटरच्या बुडाला हलकंसं ठोकल्यावर फिरायला लागली, तर आतले कार्बन (फिरत्या भागाला करंट देणारे ब्रश) संपलेत, तिचे दिवस भरले. नुसता खरखर आवाज असेल तर खरेदीची घाई करू नका, पंख्यात पाला असू शकतो. येऊरच्या बाजूला झाडाखाली गाडी लावणाऱ्यांनी तर काचेखालची वायपरजवळची जाळी आधी उघडावी. बाहेरची हवा तिथून आत ओढली जाते. पाला तिथे कुजला की पाण्याची वाट बंद होते आणि पावसाचं पाणी सरळ ब्लोअरवर उतरतं. ती जाळी साफ न करता मोटर बदलणं म्हणजे पैसे पाण्यात, अगदी शब्दशः.

आता मीटर, म्हणजे मल्टिमीटर. इथे बहुतेकजण फसतात. कपलर मोटरपासून काढून मीटर लावला की 12 व्होल्ट दिसतात आणि माणूस म्हणतो, वायरिंग ओके. अहो, करंटच वाहत नसताना जळका कपलरसुद्धा 12 दाखवणारच! मोटर जोडलेली, फुल्ल स्पीडवर चालू, आणि मीटरच्या सुया कपलरच्या मागून वायरीच्या कडेने आत, असं मोजा. बॅटरीवर जेवढे दिसतात त्यापेक्षा इथे एक-दीड व्होल्ट कमी असतील, तर तेवढे वाटेत कुठेतरी जळताहेत. हिशेब सोपा आहे. ब्लोअर फुल्लवर 15 अँपिअर ओढतोय आणि कपलरच्या सैल, काळ्या पिनेत 0.1 ओहम अडथळा आहे असं धरा. 15 गुणिले 15 गुणिले 0.1, म्हणजे साडेबावीस वॅट उष्णता तेवढ्याशा प्लास्टिकमध्ये. म्हणजे डॅशबोर्डच्या आत 25 वॅटची सोल्डरिंग आयर्न लावून ठेवल्यासारखं. जुन्या कपलरची पिन बाजूने बघा: पांढरं प्लास्टिक चहाच्या रंगाचं झालेलं असतं, एका भोकाची कड वितळून आत वळलेली असते आणि तिथली वायर वाकवली की कडक लागते. असं दिसलं की पॉलिश पेपरने घासून परत लावू नका. पिनेची पकड गेलेली असते, ती घासून येत नाही.

खरेदीला जाताना जुनी मोटर काढून सोबत न्या. ब्लोअर नसला तरी गाडी चालते. कळंबोली किंवा तुर्भ्याला ट्रकच्या पार्टची दुकानं आहेत, तिथे नुसतं मॉडेल सांगून काम होत नाही. शाफ्टची लांबी, बसवायची भोकं, पंख्याचा व्यास, सगळं जुन्याला लावून बघा. व्होल्टेज विचारा: पिकअपला 12, मोठ्या ट्रकला 24. मोठ्या ट्रकांच्या केबिनला कारखान्यातूनच एसी हवा, हा नियम 2025 मध्ये लागू झाला. त्यामुळे जुन्या ट्रकला एसी असेल तर बऱ्याचदा तो मागून बसवलेला किट असतो, आणि त्याची वायरिंग बसवणाऱ्याच्या मर्जीची. तिथे वायरीच्या रंगावर विश्वास ठेवू नका. रेझिस्टर मोटरसोबतच बदला. तो ब्लोअरच्याच हवेने थंड राहतो, मोटर जाम झाली की तोही भाजतो. आणि दुकानदार म्हणेल, ‘कपलर कशाला, जुना चालेल की.’ नाही चालणार. घ्या. सोबत 2.5 चौरस मिलिमीटरची वायर, थिंबल (वायरीच्या टोकाला लावायची धातूची टोपी), ती दाबून बसवायचा क्रिंपिंगचा पक्कड, वर चढवायची स्लीव्ह. वायरी पिळून वर काळी टेप, हे धंदे नकोत. फ्यूज होता तेवढ्याच अँपिअरचा. उडतो म्हणून मोठा टाकणाऱ्याने गाडीत आग विझवायचा सिलेंडरही ठेवावा.

हत्यारं नेहमीचीच: आठ-दहाची गोटी (सॉकेट पाना), एक्स्टेंशन, बुटका स्क्रू ड्रायव्हर, डोक्याला लावायची बॅटरी. चुंबक ठेवा, एक तरी स्क्रू आत पडतोच.

गाडीच्या बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. ग्लोव्ह बॉक्स उतरवा, फोटो काढत जा. बहुतेक गाड्यांत मोटर तीन-चार स्क्रूंवर खाली उतरते आणि एसीच्या गॅसच्या नळ्यांना हातही लावावा लागत नाही. नुसत्या मोटरसाठी कुणी ‘गॅस काढायला लागेल’ म्हणालं, तर आधी त्याला नळी नेमकी कुठे आड येते ते दाखवायला सांगा. पंखा जुनाच वापरणार असाल तर पात्यावरची छोटी लोखंडी क्लिप काढू नका, ती कचरा नाही, तोल साधायला लावलेली असते. मोटरभोवतीची फोमची पट्टी फाटली असेल तर नवी. मोटरला हवा देणारी रबरी नळी असेल तर ती परत जोडा.

बसवण्याआधी बॅटरी तात्पुरती जोडा आणि मोटर हातात धरून क्षणभर चालवून बघा. वायर उलटी लागली तर पंखा उलटा फिरतो, आणि गंमत म्हणजे हवा तरीही त्याच तोंडातून येते, फक्त मेलेली. मग लोक गॅस भरायला धावतात.

कपलर नवा लावलात ना? क्रिंप केल्यावर प्रत्येक वायर ओढून बघा.

बाकी उलट क्रमाने. स्क्रू आवळा, प्लास्टिक आहे, जोर नको. एसीच्या पाण्याची नळी तुंबलेली असेल तर आत्ताच फुंका. बॅटरी जोडा, चारही स्पीड तपासा. ग्लोव्ह बॉक्स लगेच लावू नका. दहा मिनिटं फुल्लवर चालू ठेवा आणि कपलरला हात लावा. कोमट असेल तर ठीक. चटका बसला, तर पिन नीट बसलेली नाही, परत काढा.