लांबच्या प्रवासासाठी मोटरसायकलची सीट कशी सुधारावी

पुणे-कोल्हापूर अंतर सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटरचे. इंजिन ते सहज पार करते, पण सातारा मागे पडेपर्यंत बऱ्याच जणांचे बूड भरून आलेले असते. मग सीटवाल्याकडे जाऊन "जरा मऊ करून द्या" म्हणून सांगितले जाते आणि तिथेच काम बिघडते. मऊ फोम दुकानात हाताने दाबताना छान वाटतो. तासाभराच्या बैठकीनंतर तो पूर्ण दबतो आणि हाडे थेट खालच्या बेसवर टेकतात. लांबच्या प्रवासाला हवी ती घट्ट, सपाट आणि पुरेशी रुंद बैठक.

आधी दुखणे नेमके कुठे आहे ते ओळखा. सलग तासभर गाडी चालवा आणि उतरल्या उतरल्या टिपून ठेवा. बैठकीची दोन हाडे दुखत असतील तर फोम कमजोर झाला आहे. माकडहाड दुखत असेल तर तुम्ही पोक काढून बसता किंवा सीटचा मागचा उंचवटा त्याला टोचतो. सारखे टाकीकडे घसरत असाल, तर सीटचा उतार पुढे आहे. मांड्यांच्या आतल्या बाजूला काचत असेल, तर पुढच्या कडा गोल करायला हव्यात. कंबर दुखत असेल तर दोष सीटचा नसण्याचीही शक्यता आहे; हँडल फार लांब आहे का, हे आधी पाहा. शॉकअपही तपासा. स्प्लेंडरसारख्या गाडीच्या मागच्या शॉकअपला पाच टप्पे असतात. जोडीने फिरताना तो कडक केलेला असतो आणि एकट्याने चालवताना तसाच राहतो. टप्पा कमी करून आणि टायरमधली हवा बरोबर करून पुन्हा चालवून पाहा. यात एक रुपयाही खर्च नाही.

तरीही दुखतेच आहे? मग सीट उघडू. शक्य असेल तर जुन्या बाजारातून किंवा गॅरेजवाल्याकडून त्याच मॉडेलची जुनी सीट घ्या आणि प्रयोग तिच्यावर करा. मूळ सीट घरी शाबूत राहते आणि फोम कापताना हात कचरत नाही.

कापण्याआधी तुमच्या हाडांमधले अंतर मोजा. कडक स्टुलावर नालीदार पुठ्ठा ठेवा, गाडीवर बसता तसे थोडे पुढे झुकून त्यावर बसा, पाय जरा उचला. उठल्यावर पुठ्ठ्यावर दोन खळगे दिसतील. त्यांच्या मध्यांमधले अंतर मोजा. सीटचा सपाट भाग या अंतरापेक्षा दोन्ही बाजूंना किमान दोन-अडीच सेंटीमीटर जास्त हवा. बहुतेक सीट इथेच कमी पडतात.

आता सीट उलटी करून चपट्या स्क्रू ड्रायव्हरने आणि पकडीने स्टेपल पिना काढा. कव्हर जपून सोडवा, ते परत लावायचे आहे. बेसला तडा आहे का आणि खालचे रबरी गुटके जागेवर आहेत का, तेही बघून घ्या. फोम ओला असेल तर दोन-तीन दिवस सावलीत वाळवा; ओल्या फोमवर गोंद धरत नाही.

फोमवर नुसता थर चढवू नका. स्प्लेंडरच्या सीटची उंची ७८५ मिलिमीटर, रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० ची ८०५. वर इंचभर चढवले की बेताच्या उंचीच्या माणसाच्या टाचा सिग्नलला अधांतरी राहतात. म्हणून बसण्याच्या जागेचा साधारण ३० मिलिमीटर जुना फोम धारदार, लांब पात्याच्या सुरीने कापून काढा. त्या जागी खाली २० मिलिमीटर रिबॉन्डेड फोम आणि वर १० मिलिमीटर मऊ पीयू (पॉलियुरेथेन) फोम बसवा. रिबॉन्डेड म्हणजे फोमचे तुकडे दाबून केलेली रंगीबेरंगी गादी. दुकानात फोम डेन्सिटीच्या आकड्यावर मिळतो, म्हणजे एका घनमीटरचे वजन किती किलो. रिबॉन्डेड ८० ते १२० पर्यंत सहज मिळतो. आकडा मोठा म्हणून फोम कडकच असेल असे नाही, म्हणून तुकडा जमिनीवर ठेवून गुडघा टेका. गुडघ्याला जमीन लागली तर तो फोम घेऊ नका.

चिकटवायला रेक्झिनवाले वापरतात तो रबर बेसचा गोंद घ्या. दोन्ही बाजूंना पातळ लावा, हाताला चिकट लागेल पण बोटाला येणार नाही इतका सुकू द्या, मगच जोडा. एकदा टेकला की सरकवता येत नाही. हे काम मोकळ्या हवेत करा, आसपास आग नको. मग जाड सँडपेपरने जोड घासून सपाट करा, कडा गोल करा आणि पुढच्या बाजूला किंचित चढ ठेवा, म्हणजे टाकीकडे घसरणे थांबते. हा चढ जास्त झाला तर नाजूक भागावर दाब येऊन मुंग्या येतात.

यापुढची पायरी सहसा कोणी करत नाही, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची तीच. कायमच्या पिना मारण्याआधी कव्हर चार-सहा पिनांवर तात्पुरते ओढून तासभर गाडी चालवा. टोचते तिथे घासा, खोल वाटते तिथे भर घाला. सीटवाल्याकडून काम करून घेत असाल तरी हा आग्रह धरा. निदान कव्हर चढण्याआधी गाडीवर बसून पाहाच.

समाधान झाले की फोमवर पातळ प्लास्टिक अंथरा, नाहीतर पावसाळ्यात फोम पाणी पिऊन बसतो. नवे रेक्झिन घेणार असाल तर गुळगुळीत चकचकीत नको, आणि बसण्याच्या जागी शिलाई येऊ देऊ नका. पाणी शिलाईच्या टाक्यांतूनच शिरते. रेक्झिन थोडा वेळ उन्हात ठेवले की नरम पडते. आधी पुढचे टोक, मग मागचे, नंतर डावी-उजवी बाजू आलटून पालटून ओढत स्टेनलेस स्टीलच्या पिना मारा. पिनांची लांबी बेसच्या जाडीला आणि रेक्झिनला पुरेल इतकीच हवी. बेसमधून वर आलेले टोक रोज टोचेल.

जेल पॅड उन्हात तापतो, सावलीत गाडी लावता येत असेल तरच घ्या. हवेची गादी वापरत असाल तर ती टम्म फुगवू नका; बसल्यावर बूड सीटच्या जेमतेम वर राहील इतकीच हवा ठेवा.

मागे बसणाऱ्यालाही एकदा बसवून पाहा. पुढची बैठक खोल झाली की मधली पायरी उंच होते आणि तिची कड त्याच्या मांड्यांना लागते. तीही त्याच सँडपेपरने उतरवून घ्या.