ताप लपवावा लागणार नाही अशी शाळा

सहावीतली एक मुलगी छोट्या सुट्टीत व्हरांड्याच्या खांबाला टेकली आणि तशीच खाली बसली. कपाळाला हात लावला तर चटका बसला. सकाळी फाटकात तापमापकाचं पिस्तूल रोखलं तेव्हा तिचा ताप अगदी नॉर्मल दाखवला होता. आईला बोलावलं. ती शेतातून विळा घेऊनच आली. म्हणाली, "बाई, सकाळी गोळी दिली व्हती. कापणीचं दिस हायेत, घरी थांबले तर रोज बुडतो." मुलगी हळूच म्हणाली, "आणि बाई, माझं बक्षीस गेलं असतं."

शंभर टक्के हजेरीचं ते बक्षीस मीच ठेवलं होतं. करोनामुळे दीड वर्ष शाळा बंद राहिल्यावर मुलांची सवय मोडली होती, ती पुन्हा लागावी म्हणून. त्याच संध्याकाळी मी तो कागद फलकावरून काढला.

सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेची मी मुख्याध्यापिका. पहिली ते सातवी, पट ६४, शिक्षक तीन. मे २०२० मध्ये मुंबईहून परतलेल्या आमच्याच गावकऱ्यांचं विलगीकरण याच वर्गखोल्यांत झालं होतं. ४ ऑक्टोबर २०२१ ला पाचवी ते सातवी पुन्हा भरली, १ डिसेंबरला पहिली ते चौथी. दुसरीची मुलं तर वर्गात पहिल्यांदाच बसत होती. पुन्हा कधी साथ आली तर नवीन शिक्षकाला सगळं पहिल्यापासून शोधावं लागू नये, म्हणून हे लिहिते आहे.

सुरुवात फाटकापासून नाही, घरापासून करा. तापाची गोळी घेतलेलं मूल पिस्तुलासमोरून सरळ आत येतं. शाळा उघडण्याआधी वाडीवाडीत जा, शक्य असेल तर आशाताईंना बरोबर घ्या, आणि आईवडिलांना तीन गोष्टी स्पष्ट सांगा. ताप, खोकला, जुलाब असेल तर मूल घरी ठेवा, हजेरीचं काही बिघडणार नाही. घरी राहिलेल्या मुलाचा अभ्यास संध्याकाळी शेजारच्या मुलाकडून पोचेल. आणि ज्या घरात दोघंही मजुरीला जातात, त्या घरचं आजारी मूल दिवसभर कोणाजवळ राहील हे आजच ठरवू. शेवटची गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची आहे. नुसतं "मूल घरी ठेवा" म्हणणं सोपं, पण ज्या बाईचा त्या दिवसाचा रोज बुडतो तिला ते झेपत नाही. आम्ही प्रत्येक वाडीत आज्या, घरी असणाऱ्या सुना अशी नावं विचारून ठेवली. आजारी मूल आपल्याच घरी राहायचं, त्या अधूनमधून दारातून डोकावायच्या, पाणी-पेज द्यायच्या. म्हाताऱ्या माणसाला आजारी मुलाजवळ बसवू नका, हे मात्र बजावून सांगा.

रोज सकाळी फाटकात मी पिस्तुलापेक्षा प्रश्नांवर भर द्यायला लागले. "रात्री झोप लागली का? सकाळी काय खाल्लंस? औषध घेतलंस का?" मुलं खोटं बोलत नाहीत, फक्त खरं सांगितल्यावर कोणी रागावायला नको.

आता हवा. करोना मुख्यतः श्वासातून, कोंडलेल्या हवेतून पसरतो. आमच्या एका खोलीच्या खिडक्या रंगाने चिकटलेल्या होत्या, दुसऱ्या खोलीच्या चोरीच्या भीतीने खिळे ठोकून बंद केलेल्या. सुताराला बोलावून त्या मोकळ्या केल्या आणि बाहेरून जाळी लावली. मग एक साधी तपासणी केली, ती तुम्हीही करा. मुलं नसताना खोलीच्या मधोमध उदबत्ती लावा. धूर दाराकडे किंवा खिडकीकडे ओढला जात असेल तर हवा खेळते आहे. धूर जागच्या जागी घुटमळत राहिला तर त्या खोलीत मुलं कमी बसवा. छताचा पंखा आहे तीच हवा फिरवतो. उभा पंखा असेल तर तो खिडकीत, तोंड बाहेर करून ठेवा, म्हणजे आतली हवा बाहेर जाते आणि समोरच्या दारातून ताजी आत येते. परतीच्या पावसात पश्चिमेची बाजू बंद करावी लागली, तेव्हा दुसऱ्या बाजूच्या खिडक्या आणि वरचे झरोके उघडे ठेवले आणि व्हरांड्याला ताडपत्री बांधली. तासातासाला मुलांना दहा मिनिटं बाहेर काढलं.

परिपाठ मैदानातच घ्या. प्रार्थना, पाढे, समूहगीत हे सगळं मोठ्या आवाजात होतं, आणि जितका आवाज मोठा तितके तोंडातून बारीक तुषार जास्त. आमच्या वडाखाली ऊन येत नाही, तिथे चौथीचा गणिताचा तास नीट होतो. वर्गात सर्वांत जास्त बोलतो तो शिक्षक, म्हणून मास्क आधी आपण नीट लावायचा आणि आवाज खाली आणायचा. मला ते जड गेलं, २२ वर्षं मी मागच्या बाकापर्यंत पोचेल असंच बोलत आले होते.

मास्कचं वयानुसार ठरवा. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना मास्क लावायचा नाही, अंगणवाडीच्या ताईंना हे आवर्जून सांगा. ६ ते ११ मधल्यांनी मोठ्यांच्या नजरेखाली लावावा. धावताना, खेळताना, जेवताना नाही. मोठ्यांचा मास्क गाठ मारून मुलाला दिला तर गालाशी फट राहते, म्हणून गावातल्या शिवणकाम करणाऱ्या ताईंकडून तीन थरांचे, मुलांच्या मापाचे शिवून घेतले. मुलं मास्क बदलून घालतात, कारण दुसऱ्याच्या मास्कवर वाघ असतो! प्रत्येकाच्या कोपऱ्यावर रंगीत दोऱ्याने नावाचं पहिलं अक्षर काढलं, तेव्हा हे थांबलं. पावसात कापड वाळत नाही, म्हणून प्रत्येकी तीन तरी हवेत.

हात धुण्याचा हिशेब आधी करून पाहा. आमच्या टाकीला चार तोट्या, मुलं ६४. भिजवणं, वीस सेकंद साबण चोळणं, धुणं मिळून एकेकाला ४० सेकंद धरले तरी दहा मिनिटांच्या वर वेळ जातो. सुट्टीच तेवढी. मग मागची मुलं नुसतं पाणी लावून पळतात. उपाय साधा निघाला. रांगेच्या सुरुवातीला एक मोठा मुलगा तांब्याने हात भिजवतो, साबण देतो, आणि रांग पुढे सरकते तसं मुलं चोळत राहतात. तोटीजवळ फक्त धुवायचं. साबण उघडा ठेवला तर कावळे नेतात. जुन्या पायमोज्यात घालून तोटीला बांधा.

सॅनिटायझर लहान मुलांच्या हाती देऊ नका. जानेवारी २०२१ च्या अखेरीस यवतमाळ जिल्ह्यात १२ बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं होतं. मोठ्या माणसांकडून हे होऊ शकतं, तर पहिलीतल्या मुलाचं काय? बाटलीवर ठळक अक्षरात नाव लिहा, ती कुलपात ठेवा, आणि खिचडी शिजते तिथे नेऊच नका, कारण ते पेट घेतं. स्वयंपाकी ताईंना साबणपाणीच पुरेसं आहे. बाकांवर औषध फवारण्यात आमचे पहिले काही दिवस गेले. तो वेळ खिडक्यांना द्यायला हवा होता.

डबा खाताना सगळ्यांची तोंडं उघडी असतात. म्हणून व्हरांड्यात, एकाच दिशेला तोंड करून, हातभर अंतराने बसवा. भाजी वाटून खायची सवय मोडताना मला वाईट वाटलं. ज्याच्या डब्यात कोरडी भाकरी असते त्याला शेजाऱ्याची भाजी मिळायची. त्या मुलांसाठी आम्ही शिक्षक वेगळ्या डब्यात भाजी आणून पळीने वाढायचो.

मूल शाळेतच आजारी पडलं तर त्याला सामानाच्या खोलीत एकटं बसवू नका. व्हरांड्याचं मोकळं टोक ठरवून ठेवा, मास्क लावलेला एक मोठा माणूस थोड्या अंतरावर त्याच्या नजरेसमोर बसू द्या, घरी फोन करा. श्वास फार भरभर चालला असेल, छाती आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील, मूल पाणी पीत नसेल किंवा गुंगीत असेल तर पालकांची वाट न पाहता १०८ ला फोन करा. बोटाला लावायच्या यंत्रावर ऑक्सिजन ९४ च्या खाली दाखवला तरी दवाखाना. एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते: करोना बरा झाल्यावर दोन ते सहा आठवड्यांनी काही मोजक्या मुलांना पुन्हा जोराचा ताप येतो, अंगावर पुरळ उठतं, डोळे लाल होतात, पोट दुखतं. हे दुखणं गंभीर असतं, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा आणि आधी करोना झाला होता हे सांगा.

कोणाला आजार झाला त्याचं नाव परिपाठात, पालकांच्या ग्रुपवर, कुठेच घेऊ नका. शेजारी बसलेल्यांच्या घरी मात्र स्वतः जाऊन सांगा. "वर्गात एकाला ताप आहे, पाच-सहा दिवस लक्ष ठेवा," एवढं पुरतं. किती दिवस घरी ठेवायचं ते प्राथमिक आरोग्य केंद्राला विचारा. साथीप्रमाणे ते बदलतं.

ती सहावीतली मुलगी दहा दिवसांनी परत आली. फाटकाशीच थांबली, आत यावं की नाही कळेना. तिच्या जागेवर दुसऱ्या कोणाला बसवलं नव्हतं, पाटीवरची तारीख रोज तीच लिहायची म्हणून खडूही तिथेच ठेवला होता. मी म्हटलं, "ये बाळा, आज तारीख कोणी लिहिलेली नाही." ती आत आली, आणि तिच्यामागून तिची आईही क्षणभर दारात उभी राहिली.